डिझेल ट्रक मधूनच मिसिंग मारतो तेव्हा

कायम मिसिंग मारणारी, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल नीट न जळल्याने झटके देणारी गाडी पकडणं सोपं असतं. गॅरेजमध्ये आली की सुरळीत चालणारी आणि घाटात पुन्हा झटके देणारी गाडी खरी दमवते. अशाच गाडीचे सहाच्या सहा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) विनाकारण बदलले जातात. खालची पद्धत २४ व्होल्टच्या, सहा सिलिंडरच्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर रेलमधून डिझेल देणाऱ्या) इंजिनासाठी आहे.

आधी ड्रायव्हरला खोदून विचारा: नेमकं कधी होतं? सकाळी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटंच होत असेल, तर रात्रीत डिझेल मागे उतरून लाइनमध्ये हवा धरत असावी. खड्ड्यात आपटल्यावर होत असेल तर वायरिंग. गरम झाल्यावरच होत असेल तर क्रँक सेन्सर, इंजेक्टरची कॉइल किंवा टाइट टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप कमी). टाकी पाव झाली की चढावर होत असेल तर टाकीतला सक्शन पाइप किंवा त्याची जाळी. पावसानंतर होत असेल तर कपलरमध्ये (वायरच्या जोडात) पाणी. निम्मं निदान इथेच होतं.

मग स्कॅनर लावा, पण आधी फॉल्ट कोड पुसू नका आणि बॅटरीचं टर्मिनल काढू नका. कोड पडला त्या क्षणाचा आरपीएम, लोड आणि तापमान साठवलेलं असेल तर ते जाईल. एसपीएन (कोडमधला भागाचा नंबर) ६५१ ते ६५६ म्हणजे अनुक्रमे इंजेक्टर १ ते ६. सोबत एफएमआय (दोषाचा प्रकार) ५ असेल तर करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, म्हणजे आधी वायर बघायची.

कोड नसेल तर गाडी लोडवर चालवून ग्राफ बघा. एकाने चालवायची, दुसऱ्याने स्क्रीन बघायची. झटक्याच्या क्षणी आरपीएमचा आकडा एकदम शून्यावर पडून परत आला, तर क्रँक सेन्सर, त्याचा गॅप किंवा टोकाला चिकटलेला लोखंडी कीस तपासा. मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष प्रेशर एकमेकांपासून फाटले तर दोष डिझेलच्या वाटेवर आहे. प्रेशर स्थिर आणि तरी झटका, तर एखादा सिलिंडर किंवा त्याची वायर.

डिझेलची वाट

सक्शन बाजूला गळती असली तरी बाहेर ओल दिसत नाही. तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून फीड पंपाआधी फूटभर पारदर्शक नळी जोडा आणि बुडबुडे बघा. वॉटर सेपरेटरमधून पाणी काढा, त्याचं सील आणि बँजो बोल्टचे (मधून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) वॉशर बघा. तरी शंका राहिली तर स्वच्छ डिझेलचा १० लिटरचा कॅन घट्ट बांधून सप्लाय आणि रिटर्न (इंजिनाकडून परत येणारं डिझेल) या दोन्ही नळ्या त्यातच सोडा. मिसिंग गेलं तर टाकी ते इंजिन एवढाच भाग तपासायचा राहतो.

सिलिंडर शोधणं

जुन्या इनलाइन पंपाच्या सवयीने चालू इंजिनावर हाय प्रेशर पाइपचा नट सैल करू नका. रेलमध्ये शेकडो बार असतात, डिझेलची धार कातडीतून आत घुसते. इंजिन बंद करून किमान १० मिनिटं थांबल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. स्कॅनरच्या सिलिंडर कट-आउट टेस्टने एकेक सिलिंडर बंद करा. ज्याने आवाजात फरक पडत नाही तो दोषी. ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आयडल सावरून घेतो, म्हणून आरपीएमपेक्षा कानावर विश्वास ठेवा. थंड इंजिन चालू करून लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने मॅनिफोल्डचे सहा पोर्ट मोजले तरी मागे राहिलेला सिलिंडर कळतो.

पण मिसिंग मारत असतानाच हे तपासा, नाहीतर सगळे निर्दोष सुटतील.

इंजेक्टर काढण्याआधी वायर. चालू इंजिनावर हार्नेस (वायरांचा जुडगा) क्लॅम्पपाशी, ब्रॅकेटच्या कडेपाशी आणि टॅपेट कव्हरमधून आत जाते तिथे हलवून बघा. मात्र इंजेक्टरच्या वायरला बॅटरीपेक्षा बराच जास्त व्होल्टेज येतो. वायर सोलून किंवा टोचून बघू नका. कॉइलचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही खाली असतो, म्हणून आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. इंजिन ते बॅटरी निगेटिव्ह हे अर्थिंगही तपासा: सेल्फ मारताना तिथे ०.५ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप नको.

वायर चांगली निघाली तर रिटर्न टेस्ट. सहा सारख्या बाटल्यांत प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न वेगळा घ्या; एक बाटली इतरांपेक्षा फार भरली तर तो इंजेक्टर प्रेशर खातो आहे. इंजेक्टर अदलाबदल करून बघायचा असेल तर कॉपर वॉशर नवा घाला आणि ज्या इंजिनात ट्रिम कोड (प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड) असतो तिथे तो ईसीएममध्ये नव्या जागेवर भरा, नाहीतर नवंच मिसिंग मागे लागेल.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन शेवटी. कमिन्स आयएसबीई इंजिनात थंड क्लिअरन्स इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिमी. एक्झॉस्ट टाइट असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं.

दोष सापडल्यावर डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वाढलेली असेल किंवा डिझेलचा वास येत असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला. बीएस-६ गाडीत न जळलेलं डिझेल डीपीएफपर्यंत (एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरपर्यंत) जातं, त्यामुळे त्याचं सूट लोडिंग (साठलेली काजळी) बघूनच गाडी लोडला सोडा.