बांध खरडू नका, तेरडा फुललाय

शेतकरी बंधू-भगिनींनो, भाद्रपद लागला की मुरबाड-शहापूरकडे बांध साफ करायची घाई सुरू होते. हातात विळा, नाहीतर तणनाशकाचा पंप. यंदा निदान भाजीच्या मांडवालगतचा बांध तसाच राहू द्या.

का, ते मांडवातच दिसेल. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला शेपटीसारखी बारीक झालेली काकडी तोडा, उभी चिरा. जाड भागात बिया भरलेल्या असतात, बारीक भागात नुसते पापुद्रे. पाण्याच्या ताणाने, फळमाशीनेही फळ वाकडं होतं. पण बिया अशा अर्धवट भरल्या असतील तर मादी फुलावर पराग कमी पडलेत असं समजा. तिथे खताचा डोस वाढवून उपयोग नाही. काकडीचं फूल एकच दिवस उमलतं. तेवढ्यात सातेरी, कोती या मधमाश्यांच्या त्यावर बऱ्याच फेऱ्या व्हायला हव्यात.

मांडव बहरात नसतो तेव्हाही या माश्यांना खायला लागतं. तेरडा, कवळा, कुर्डू, भारंगी त्यांना सांभाळतात. कारवी 8 वर्षांनी एकदा फुलते, तिच्या भरवशावर राहता येत नाही. गौरीसाठी लागेल तेवढा तेरडा खुशाल उपटा, बाकीचा ठेवा. कुर्डू मात्र बांधावरच असू द्या, शिवारात शिरला तर आवरत नाही. घाणेरी आणि रानमोडीवर फुलपाखरं दिसतात म्हणून ती वाढवू नका. ही बाहेरून आलेली झाडं आपली रानफुलं दाबून टाकतात.

वांगी, टोमॅटो लावणाऱ्यांनी बांधाची थोडी उघडी मातीही राखावी. निळ्या पट्ट्यांची एक माशी मातीत बीळ करून राहते. ती फूल पकडून अंग थरथरवते, तेव्हा पराग झडतो. सातेरीला हे जमत नाही.

फवारणी संध्याकाळी करा असं आपण सांगतो, आणि काकडी-कारल्याला ते बरोबरच आहे. पण शिराळ्याचं फूल दुपार कलल्यावर उमलतं, दुधीचं तिन्हीसांजेला, आणि दुधीवर रात्री पतंग येतात. या मांडवांवर सकाळी फुलं मिटल्यावरच फवारा, तोही शेजारच्या फुलांवर उडू न देता. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं झाडात भिनून मधापर्यंत पोचतात. पीक फुलोऱ्यात असताना ती नकोतच. मावा-तुडतुडे दिसू लागताच 5 टक्के निंबोळी अर्क मारा.

येऊरच्या जंगलातून रोपं उपटून आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. बी आपल्याच बांधावर मिळतं. तेरड्याची बोंडं फिकट पडली की सकाळच्या दवात तोडा. बोंड आधी मुठीत घ्या, मगच देठ खुडा, नाहीतर बोट लागताच ते फुटतं आणि बी उडून जातं. सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवा. मृगाच्या आधी बांधावर भुरभुरून वरून मातीचा हलका हात फिरवा.