चिकू, वटवाघळं आणि जाळ्यात अडकलेली धामण

आमच्या चिपळूणजवळच्या घरामागे चिकूचं एक जुनं झाड आहे. रात्री वटवाघळं यायची, सकाळी अंगणभर अर्धवट खाल्लेल्या फोडी. वैतागून मागच्या वर्षी झाडावर नायलॉनचं जाळं टाकलं आणि उरलेलं बुंध्याशी तसंच गुंडाळून ठेवलं. चूक तिथेच झाली.

आठवड्याभरात त्या गुंडाळ्यात सहा फुटी धामण अडकली. पुढे जाता येईना, मागे खवल्यांत धागे रुतलेले. धामण बिनविषारी, शिवाय उंदीर खाणारी, म्हणजे आमच्याच कामाची. पण घाबरली की कडकडून चावते, म्हणून सर्पमित्राला बोलावलं. डोकं धरून एकेक धागा कापायला त्याला पाऊण तास लागला. जाताना एवढंच म्हणाला, "काका, हे जाळं काढा."

काढलं. मग आईची जुनी रीत आठवली. चिकू झाडावर पिकू द्यायचाच नाही. नखाने साल जरा खरवडायची: आत हिरवं दिसलं आणि चीक आला तर थांबायचं, पिवळसर दिसलं की काढायचा. भाताच्या पेंढ्यात आढी घातली की पाच-सहा दिवसांत मऊ होतो. वटवाघळं येतात पिकल्या वासावर. वासच नाही तर फेऱ्या आपोआप कमी. हाताला येणाऱ्या मोठ्या फळांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधल्या.

शेंड्याकडची फळं मात्र सोडून दिली. तिथवर चढायचं माझं वयही नाही. धामण परवा विहिरीच्या कठड्यापाशी दिसली, बहुधा तीच.