लकवा मारल्यावर घरात होणाऱ्या या चुका टाळा

कॅज्युअल्टीत इतकी वर्षं ड्यूटी केली, तरी लकव्याचा पेशंट उशिरा आला की आजही जीव तुटतो. चुका त्याच, घरं फक्त वेगळी.

सगळ्यात घातक चूक म्हणजे वाट बघणं. पन्नाशीच्या एक बाई संध्याकाळी भाकऱ्या थापत होत्या. भाकरी एका बाजूला जाड, दुसरीकडे फाटलेली. सुनेने हाक मारली तर शब्द फुटेना, उजवा हात पिठातच पडून राहिला. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत घरच्यांनी तेल चोळलं, निजवलं आणि पहाटे जीप करून लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं. आमच्याकडे पोचेपर्यंत दुपारचे 12. डाव्या मेंदूचा मोठा भाग सीटी स्कॅनवर काळवंडलेला दिसत होता. मेंदूची धमनी तुंबवणारी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि 17 तास उलटून गेले होते. धमनीतून तार घालून गुठळी काढणं काहींना 24 तासांपर्यंत शक्य असतं, पण वाचवण्याजोगा मेंदू उरलेला असेल तरच. बाई जगल्या. अजूनही पाणी मागायचं असतं आणि तोंडातून भलताच शब्द येतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू लागतो 20 टक्के. मानेतून चार धमन्या वर जातात, पुढून दोन आणि मणक्यांतून दोन. मेंदूच्या तळाशी त्यांचं कडं होतं, पण कड्याच्या पुढची मोठी फांदी तुंबली की मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात. तेल चोळण्यात गेलेला अर्धा तास एवढा महाग पडतो.

दुसरी चूक, अ‍ॅस्पिरिन. हार्ट अटॅकचा सल्ला लोक इथे लावतात. लकव्याचे बहुतेक झटके गुठळीचे असतात हे खरं, पण काहींत धमनी फुटून रक्तस्राव झालेला असतो आणि तिथे हीच गोळी जिवावर बेतू शकते. दोन्हींत तोंड सारखंच वाकडं होतं. नुसतं बघून मलाही ओळखता येत नाही, सीटी लागतोच. बीपीची जादा गोळीही घरी देऊ नका. गुठळी असेल तर तो वाढलेला दाबच अरुंद वाटेने रक्त पुढे ढकलत असतो. नवे इंटर्नसुद्धा बीपीचा आकडा पाहून घाई करतात. मी त्यांना आधी शुगर बघायला लावते, कारण शुगर उतरली तरी माणूस हुबेहूब लकव्यासारखा दिसतो.

पाणी, चहा, काढा काहीही पाजू नका, फुप्फुसात उतरतं. सुईने बोटं टोचू नका.

दहा मिनिटांत तोंड सरळ झालं म्हणून घरी थांबू नका. मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन दिवसांतच सर्वांत जास्त असतो.

मणक्यांतून जाणाऱ्या मागच्या धमन्यांचा झटका लोक पित्त समजतात. अचानक तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, गिळता न येणं ही त्याची लक्षणं. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एकाएकी उठली, तर रक्तस्रावाची शंका घ्या.

माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ पेनाने तळहातावर लिहा. झोपेतून उठताना त्रास दिसला तर झोपायच्या आधीची वेळ धरा. मग 108 ला फोन करा आणि निघण्याआधी हॉस्पिटलला एकच विचारा, ‘सीटी आत्ता चालू आहे का?’