बेल्लोत्तोची नगरदृश्ये पाहताना या चुका टाळा

ड्रेस्डेन किंवा वॉर्साचे अठराव्या शतकातले दृश्य आणि सहीत 'कानालेत्तो' हे नाव. एवढ्यावरून ते चित्र व्हेनिसचा चित्रकार जोवान्नी अंतोनिओ कनाल ऊर्फ कानालेत्तो (१६९७–१७६८) याच्या नावावर टाकणे ही सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. तो मूळ कानालेत्तो या शहरांत कधी कामाला गेलाच नाही. ही चित्रे त्याच्या भाच्याची, बेर्नार्दो बेल्लोत्तोची. बेल्लोत्तोची आई फिओरेन्झा ही कनालची बहीण. मामाच्या हाताखाली भाचा तयार झाला, १७३८ मध्ये व्हेनिसच्या चित्रकार संघात त्याची नोंद झाली, आणि पुढे सही करताना तो 'कानालेत्तो' हे नावही लावू लागला. जर्मनी आणि पोलंडमध्ये आजही 'कानालेत्तो' म्हटले की बहुतेकांना भाचाच आठवतो.

म्हणून सहीकडे शेवटी पाहावे, आधी शहर पाहावे. लंडन असेल तर मामा. तो १७४६ ते १७५५ या काळात बराचसा इंग्लंडमध्ये होता. ड्रेस्डेन, पिर्ना, क्योनिगश्टाइनचा किल्ला, व्हिएन्ना, वॉर्सा असेल तर भाचा. तो १७४७ मध्ये ड्रेस्डेनला गेला आणि १७८० मध्ये वॉर्सात वारला. खरी अडचण येते ती १७४७ पूर्वीच्या व्हेनिसच्या चित्रांत, कारण तिथे दोघांचे विषय आणि पाहण्याच्या जागाही सारख्याच. अशा वेळी हात ओळखावा लागतो. कनालचे ऊन उबदार. दूरची माणसे तो ठिपक्यांनी आणि स्वल्पविरामासारख्या फटकाऱ्यांनी उभी करतो. बेल्लोत्तोचा उजेड थंड, रुपेरी. सावल्या जड, इमारतींच्या कडा गडद रेषेने बांधलेल्या आणि आकाशात ढगांचे वजन जाणवते.

मात्र हा फरक मोबाइलवर रंगांवरून ठरवू नये. पडद्यावर आणि छपाईत रंग सरकतात, जुने व्हार्निश पिवळे पडते, आणि थंड चित्रही उबदार दिसू लागते. सावली किती गडद आहे, तिची कड किती धारदार आहे, हे पाहावे. ते सहसा टिकून राहते.

मराठीत मथळा लिहिताना एक चूक हमखास होते. ड्रेस्डेनच्या १७४८ च्या प्रसिद्ध चित्राच्या नावात 'ऑगस्टस पुलाच्या खालून' असे येते आणि आपण ते 'पुलाखालून' समजतो. इथे 'खाली' म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाला. एल्ब नदीच्या उजव्या काठावर, जुन्या शहराकडे तोंड करून उभे राहिले की पाणी डावीकडून उजवीकडे वाहते. म्हणून पूल डाव्या हाताला दिसला तर चित्रकार पुलाच्या खालच्या अंगाला उभा आहे. उजव्या हाताला दिसला तर वरच्या अंगाला, आणि ते १७४७ चे दुसरे चित्र. ही खूण लक्षात ठेवली तर दोन्ही चित्रांची अदलाबदल होत नाही. उलटे छापलेले चित्रही यावरूनच पकडता येते. १७४८ च्या चित्रात होफकिर्शे चर्चच्या मनोऱ्याला परांची बांधलेली आहे, तीही जवळून पाहावी.

बेल्लोत्तोचे चित्र म्हणजे फोटो, असे धरून चालू नये. कॅमेरा ऑब्स्क्युरातून, म्हणजे भिंगातून समोरचे दृश्य कागदावर पाडणाऱ्या पेटीतून, बाह्यरेषा मिळतात, त्याही तुकड्या-तुकड्याने. हे तुकडे जोडताना चित्रकार मांडणी करतोच. बेल्व्हेडेर राजवाड्यातून काढलेल्या व्हिएन्नाच्या दृश्यात त्याने दोन बाजूंचे घुमट प्रत्यक्षापेक्षा जवळ आणले आहेत. त्या चित्रावरून अंतरे मोजली तर नकाशाशी मेळ बसत नाही.

वॉर्साबाबतही सांभाळून लिहावे. 'जुने शहर त्याच्या चित्रांवरून पुन्हा बांधले' हे वाक्य ऐकायला छान वाटते, पण सरसकट खरे नाही. वॉर्साच्या राजवाड्यातल्या कानालेत्तो दालनात त्याची २२ दृश्ये आहेत आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बांधकामात ती खरोखर कामी आली, पण ती मुख्यतः क्राकोव्स्क्ये प्शेदम्येश्चे हा रस्ता आणि आसपासच्या रस्त्यांसाठी. जुन्या शहरातल्या बाजारचौकासाठी युद्धापूर्वीची मोजमापे आणि छायाचित्रे वापरली गेली. त्यातही बेल्लोत्तो काही इमारती सुधारून रंगवत असे, तेव्हा त्याच्या चित्रातला प्रत्येक दर्शनी भाग पुरावा म्हणून वापरू नये.

शेवटची चूक अवशेषांची. मोडून पडलेला मनोरा, उघडे पडलेले मजले, पायथ्याशी दगडांचा ढीग आणि भोवती बघ्यांची गर्दी, असे ड्रेस्डेनचे चित्र दिसले की १९४५ चा बॉम्बहल्ला आठवतो. हे क्रॉइत्सकिर्शे चर्च. सप्तवर्षीय युद्धात १७६० मध्ये प्रशियन तोफांनी ते उद्ध्वस्त केले, उरलेला मनोरा १७६५ मध्ये ढासळला, आणि बेल्लोत्तोने तो त्याच वर्षी रंगवला. १७६० च्या त्याच माऱ्यात त्याचे स्वतःचे ड्रेस्डेनमधले घरही गेले होते. मथळ्यात १७६० आणि १७६५ ही दोन्ही वर्षे द्यावीत.