टॉमाहॉक खोलायच्या आधीची तयारी (टेप कुठे आहे ते आधी बघा)

टॉमाहॉक (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची छोटी कुऱ्हाड) खोलून, घासून नव्याने रंगवणार असाल तर सगळ्यात आधी मास्किंग टेपचा रोल शोधून टेबलावर समोर ठेवा. कानस, पॉलिशपेपर, रंग, तेल सगळं नंतर. गेल्या वेळी माझ्याकडे झाडून सगळं सामान होतं, टेपसुद्धा होती, ड्रॉवरमध्ये, आणि ती ड्रॉवरमध्येच राहिली. एक छान हिकोरीचा (चिवट अमेरिकन लाकूड) दांडा त्यापायी गेला, म्हणून ही यादी.

झालं काय ते सांगतो. नेहमीच्या कुऱ्हाडीत दांडा खालून घालतात आणि वरून पाचर ठोकतात. टॉमाहॉकचं उलटं, टिकावासारखं. दांडा वरच्या टोकाला जाड आणि मुठीकडे बारीक, पातं मुठीच्या बाजूने ओवायचं, सरकवत वर न्यायचं, आणि वरच्या जाड भागात ते आवळून बसतं. पाचर नाही, खिळा नाही, आणि दांडा फिरवला की पातं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं त्यामुळे उलट अजून घट्ट होतं. म्हणजे सगळी पकड वरच्या चार बोटं लाकडात. मी काय केलं, दांड्यावरचं चकचकीत लॅकर (वॉर्निशसारखा थर) काढायचं म्हणून वरपासून खालपर्यंत एकसारखं घासत बसलो, ८० चा पेपर, मग १२०, मग २२० (आकडा मोठा तितका पेपर बारीक), दोन तास गेले, असा गुळगुळीत झाला की हातातून सोडवेना. मग पातं चढवलं आणि ते त्याच्या जागेवर थांबलंच नाही. आधी पात्याच्या वर बोटभर लाकूड दिसायचं, आता लाकडाचं टोक पात्याच्या भोकाच्या आत आणि हलवलं की नुसता खुळखुळा. हिशोब नंतर मांडला, समजा २० मिलिमीटर लांबीत जाडी १ मिलिमीटरने वाढत असेल तर जाडीतला अर्धा मिलिमीटर गेला की पातं १० मिलिमीटर वर सरकणार. अर्धा मिलिमीटर म्हणजे दोन्ही बाजूंनी पाव-पाव, ८० च्या पेपरला ते काहीच नाही.

तर ती चार बोटं झाकायची. टेपने. ठेवली का समोर? बरं.

आता हातात कुठला हॉक (म्हणजे टॉमाहॉक) आहे ते बघा. हल्लीचा कारखान्यातला असेल तर खुशाल सुरू करा, तो बहुतेक १०५५ सारख्या कार्बन स्टीलचा असतो (साधारण ०.५५ टक्के कार्बन), वर काळा रंग, आणि हिकोरीचा दांडा. पण कुणाच्या माळ्यावरून जुना निघाला असेल तर हात लावू नका. ‘टॉमाहॉक’ हा शब्दच १७व्या शतकाच्या सुरुवातीला व्हर्जिनियातल्या अल्गॉन्क्वियन भाषेतून इंग्रजीत आला, आधी पाती दगडाची असायची, मग युरोपियन व्यापाऱ्यांबरोबर लोखंडी पाती आली, आणि १८व्या शतकात तर पात्याच्या मागे चिलीम असलेले हॉक बनत होते. अशा जुन्या वस्तूवरचा काळपट थर हीच तिची किंमत, तो घासून चकचकीत केलात की गेली. शिवाय जुन्या लोहारांच्या कामात पुष्कळदा सगळं पातं मऊ लोखंडाचं आणि फक्त धारेपुरता कडक स्टीलचा तुकडा मध्ये जोडलेला असायचा, आकार द्यायच्या नादात तोच कानसला गेला तर खाली धार न टिकणारं लोखंड उरतं. जुना असेल तर जाणकाराला दाखवा, तोवर पुसून ठेवा.

सामान. गॉगल, मास्क, हातमोजे, यावर बोलत नाही. फक्त एक, ड्रिलला चाक लावून घासणार असाल तेव्हा हातमोजे काढा, फिरत्या चाकात मोजा अडकला की बोट बरोबर जातं. बेंच व्हाइस हवाच, आणि त्याच्या जबड्यात लाकडाच्या पट्ट्या, नाहीतर घासलेल्या पात्यावर परत दात उमटतात. एक चपटी मोठी कानस, एक अर्धगोल, एक छोटी गोल. कानस साफ करायला तारेचा ब्रश. पॉलिशपेपर ८० पासून ४०० पर्यंत, प्रत्येकाचे वाटतात त्याच्या दुप्पट घ्या, १२० चा संपला म्हणून ८० वरून थेट २२० वर उडी मारली की ते ओरखडे शेवटपर्यंत दिसत राहतात, रंगाखालूनसुद्धा. रंग काढायचं पेंट रिमूव्हर, अ‍ॅसिटोन, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, बॉइल्ड लिनसीड ऑइल (लवकर वाळणारं जवसाचं तेल), झाकणाचा पत्र्याचा डबा (कशाला ते खाली येतंय, तो विसरलात तर टेप विसरण्यापेक्षा वाईट). जुन्या सुती चिंध्या. आणि टेप.

खोलायच्या आधी दोन मिनिटं थांबा. पात्याच्या खालच्या कडेला चिकटून दांड्यावर पेन्सिलने रेघ मारायची, पातं कुठवर बसत होतं त्याची खूण. पण पातं उतरताना याच रेघेवरून घासत खाली येतं आणि ती पुसली जाते, हे मला दुसऱ्या वेळेला कळलं, म्हणून दांड्याच्या वरच्या टोकापासून रेघेपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहा. फोटोही काढा. पुढची बाजू कुठली त्याची खूण करा, भोक गोल असेल तर पातं कसंही फिरतं आणि नंतर कोडं पडतं. मग पात्याच्या बाजूला छोटा स्क्रू आहे का बघा, अ‍ॅलन कीने (षटकोनी किल्लीने) तो काढा, आणि मी म्हणतो परत लावूच नका, त्याचं टोक लाकडात रुततं आणि दांडा पुष्कळदा तिथूनच चिरतो. पातं नीट बसलं असेल तर स्क्रूची गरज नाही, आणि नीट बसलं नसेल तर स्क्रू वाचवणार नाही. मग दांडा उभा धरून वरचं टोक, म्हणजे पात्याच्या बाजूचं, लाकडाच्या ठोकळ्यावर आपटू नका, त्याने पातं अजून आवळतं. उलटं करायचं, दांडा एका हातात हवेत धरा, पात्याच्या वरच्या कडेवर दोन्ही बाजूंना आलटून पालटून लाकडी तुकडा ठेवून हातोडी मारा, दोन-चार ठोक्यांत खाली सरकतं.

उतरलं? मग लगेच, चहाला जायच्या आधी, लिहून ठेवलेलं अंतर परत मोजून रेघ मारा आणि तिथपासून टोकापर्यंत टेप गुंडाळा, दोन थर. एका थरातून ८० चा पेपर कधी आत गेला ते कळत नाही. फक्त घासण्यासाठी नाही, वॉर्निश किंवा रंगाचा थरही तिथे जायला नको, तेवढ्यानेही बसणं बदलतं. टेप लावल्याशिवाय दांडा हातात घेऊ नका. मी तो कोपऱ्यात उभा करून ठेवला होता, ‘आधी पात्याचं बघू’ म्हणून, आणि दोन दिवसांनी उचलला तेव्हा डोक्यात फक्त लॅकर होतं.

पात्याचा रंग. रिमूव्हर लावा, प्लास्टिक पिशवीत गुंडाळून ठेवा, खरवडा, परत लावा. खिडक्या उघड्या, नाहीतर बाहेरच. जाळून काढू नका. टॉर्चने रंग पटकन फुगतो हे खरं, पण धूर विषारी आणि पात्याचं पाणीही (तापवून दिलेला कडकपणा) उतरतं. स्टील तापताना स्वतःच रंग दाखवतं, २०० ते २३० अंश सेल्सिअसला पिवळसर, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. धारेवर निळा दिसला की तिथल्या कडकपणाची वाट लागली, मग ती धार दुमडत राहणार. ग्राइंडर वापरणाऱ्यांनाही हेच, कडेला जिथे स्टील पातळ आहे तिथे दोन सेकंदांत निळं होतं. उघड्या बोटाला चटका बसला की पाण्यात बुडवा, ते ‘अजून एकदा फिरवतो’ नको. मी तर आता ग्राइंडर काढतच नाही, कानसच बरी, हळू जाते पण चूक करायलाही वेळ लागतो.

आकार द्यायचा असेल, म्हणजे दाढी (पात्याचा खाली लोंबणारा भाग) थोडी आत घ्यायची, पात्यामागचा हातोड्यासारखा भाग लहान करायचा, कडांना गोलाई द्यायची, तर आधी मार्करने आखा आणि रेघेच्या अलीकडे थांबा. कानस पुढे ढकलताना दाब, मागे येताना उचलायची. आणि भोकाच्या आतल्या कडा बघा, तिथे ओतकामाचे नाहीतर ठोकणीचे खरखरीत काटे असतात, ते लाकूड चावत बसतात, गोल कानसने तेवढे मोडा. तेवढेच. भोक मोठं करू नका, भोक मोठं करणं आणि लाकूड बारीक करणं एकच.

मग पेपर, १२०, २२०, ४००, प्रत्येक वेळी आधीच्याला आडवं घासायचं म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. नंतर अ‍ॅसिटोनने पुसा आणि यानंतर उघड्या हाताने धरू नका, अंगठ्याचा ठसा पॅटिनात (पात्यावर मुद्दाम आणायच्या काळपट थरात) तसाच उमटतो, माझ्या एका हॉकवर आजही आहे. पॅटिनाला व्हिनेगर कोमट करून त्यात पातं बुडवा, अर्धा-एक तास, मधून मधून काढून बघा, करडं ते काळपट होत जातं. नक्षी हवी असेल तर मोहरीचा सॉस ठिपक्याठिपक्यांनी लावा, ठिपक्यांच्या कडांना गडद रेघा येतात. झालं की सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, पूर्ण कोरडं करा, लगेच तेल. ‘लगेच’ म्हणजे त्याच मिनिटाला, नाहीतर डोळ्यांदेखत केशरी होतं.

लाकूड पात्यानंतर, आणि शक्य तर दुसऱ्या टेबलावर. लोखंडाचा भुसा ओल्या लाकडावर पडला की काळे डाग पडतात, आणि ते आत जातात. आता दांडा उचला आणि टेप बघा. कोपरा सुटला असेल तर परत दाबा, फाटली असेल तर नवी लावा. बघितली? मग लॅकर स्क्रेपरने काढा, फुटक्या काचेची सरळ कड पेपरपेक्षा भारी चालते, पातळ सालपटं निघतात आणि आकार मोडत नाही. २२० झाला की ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, तंतू उभे राहतात, ते हलक्या हाताने कापा. रंगायला स्पिरिटवाला लेदर डाय चांगला बसतो. स्टील वूल (बारीक लोखंडी तारांचा काथ्या) व्हिनेगरमध्ये दोन दिवस भिजवून ते पाणीही चालतं, आधी कडक काळ्या चहाचा हात मारा, चहातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं धरतं. टॉर्चने शेकवायचं असेल तर लॅकर पूर्ण गेलेलं हवं, अ‍ॅसिटोन आणि चिंध्या खोलीबाहेर, आणि ज्वाला टेपच्या चार बोटं आधी थांबवा, टेप जळते आणि खालचं लाकूडही. मुठीवर कोरीवकाम करा हवं तर, पण फेकायचा हॉक असेल तर खोल कोरू नका, तुटताना तिथूनच तुटणार.

तेल. पातळ थर, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसायचं, एक दिवस, परत, असं चार-पाच वेळा. आता पत्र्याचा डबा. लिनसीड ऑइल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि त्यात उष्णता निघते. तेलकट चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच साठते आणि चिंधी आपोआप पेट घेते, काडी लागत नाही. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात झाकण लावून ठेवा. उद्या नाही, हात धुवायच्या आधी.

जोडणी. पातं मुठीकडून ओवा, वर न्या, मग दांड्याचं वरचं टोक ठोकळ्यावर दोनदा आपटा. कागदावरचं अंतर जुळतंय का बघा. कुठे अडत असेल तर भोकात आतून मार्कर फासा, पातं चढवून उतरवा, लाकडाला जिथे काळं लागलं तेवढाच ठिपका खरवडा, परत चढवा. पाच वेळा करावं लागेल, कंटाळा येईल, करा. ढिलं झालंच असेल तर पातळ चामड्याची पट्टी गुंडाळून पातं ठोका, चालतं, पण ते ठिगळ आहे.

धार शेवटी, दोन्ही बाजूंना सारखी. फेकायचा असेल तर वस्तऱ्यासारखी नकोच, मुडपते. चामड्याचं कव्हर घाला पण हॉक कायमचा त्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं. पहिल्यांदा फिरवताना समोर कुणी नको.

आणि हो, पातं चढवायच्या आधी टेप काढा.