जुन्या अमेरिकी स्थलनकाशांवर कालवे आणि पाणवठे शोधताना या चुका टाळा

नेवाडातील कोरड्या चराऊ मुलखाचे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने काढलेले जुने नकाशे आज विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र कालवा कधी झाला, तळे कधी आटले हे त्यांवरून ठरवताना सर्वांत मोठी गफलत सालाची होते. कोपऱ्यात छापलेले साल आवृत्तीचे किंवा पुनर्मुद्रणाचे असू शकते. मोजणीचे साल समासातील बारीक मजकुरात शोधावे लागते. ट्रकी नदीवर 1905 मध्ये डर्बी धरण झाले, तिचे पाणी कालव्याने फॅलन परिसरातील शेतीकडे वळवण्यात आले आणि 1930 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत याच नदीच्या पाण्यावर भरणारे विनेमक्का सरोवर कोरडे पडले. धरणापूर्वीच्या मोजणीवर बेतलेला नकाशा पुढे कितीही वेळा जसाच्या तसा छापला, तरी त्यावर सरोवर भरलेले आणि कालवा गायब असाच देखावा राहणार.

निळी रेघ म्हणजे बारमाही पाणी, हा समजही सोडावा. एक तुटक रेघ आणि तीन टिंबे अशी खूण असेल, तर तो ओढा हंगामी आहे. नंतरच्या काही नकाशांवर जांभळ्या रंगात दिसणाऱ्या दुरुस्त्या हवाई छायाचित्रांवरून केलेल्या असून त्यांची जागेवर पडताळणी झालेली नसते.

समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषांवरून कालव्याचा उतार काढण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो व्यर्थ आहे. कालव्याचा उतार मैलाला जेमतेम एक-दोन फूट असतो, तर जुन्या नकाशांत लगतच्या दोन रेषांमधील उंचीचा फरक अनेकदा 50 किंवा 100 फूट असते. शिवाय प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या सपाट फळीवर, मोजलेल्या मोजक्या बिंदूंच्या मधल्या रेषा सर्वेक्षक नजरेच्या अंदाजाने काढत. तरीही कालवा थोड्या अंतरात दोन-तीन समोच्च रेषा ओलांडत असेल, तर तेथे पाण्याला टप्प्याने खाली सोडणारे बांधकाम तरी असते किंवा रेखाटनात चूक तरी.

आपल्याकडील एका इंचाला एक मैल दाखवणाऱ्या जुन्या इंची टोपोशीटची (स्थलनकाशांची) सवय असलेल्यांनी अमेरिकी नकाशांवरील 1:62,500 हे प्रमाण 1:63,360 समजू नये. फरक दीड टक्क्याहूनही कमी आहे, पण लांब कालव्याच्या मोजणीत तो जाणवतो. एखाद्या पवनचक्कीची विहीर जीपीएसने शोधायची असेल, तर आधी नकाशाचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले ती चौकट, पाहावा. 1927 च्या डेटमवरील अक्षांश-रेखांश तसेच वापरले, तर नेवाडात जागा सुमारे 80 मीटरने चुकते.