एक नारळ, चार ताटं

परवा स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक नारळ तोलला. दारातल्याच बाणवली जातीच्या माडाचा. पाणी आणि करवंटी वजा करून खोबरं भरलं २९० ग्रॅम. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्याला साधारण ३५० कॅलरी धरल्या तर हा एकटा नारळ हजार कॅलरींचा. तेवढ्यासाठी पाव किलोहून जास्त तांदूळ शिजत घालावा लागेल. आणि आपण म्हणतो, ‘वरून जरा खोबरं भुरभुरव गं.’

लग्न होऊन वेंगुर्ल्याला आले तेव्हा मीही तशातलीच. माहेर कोल्हापूरचं. फोडणीला पळीभर तेल, त्यात नारळाचं वाटप. सासूबाई काही दिवस गप्प बघत होत्या, मग एकदा म्हणाल्या, “नारळ घातलंस मगे तेल कित्याक व्हया?” कॅलरी हा शब्द त्यांच्या कानावर कधी आला नसेल, पण खोबऱ्याचा तिसरा हिस्सा निव्वळ स्निग्ध असतो हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. दारात माड असलेल्या घराचं तेल नारळातच असतं. पुढचं सगळं याच हिशेबाने.

नारळ घेताना कानाशी हलवा. पाणी खळखळलं पाहिजे, डोळे कोरडे हवेत, तिथे बुरशी किंवा ओल दिसली तर परत ठेवा. झाडावरून आजच उतरवलेला नको. सोडणासकट, म्हणजे वरच्या सालीसकट, महिनाभर पडून राहिलेल्या नारळाचा रस दाट निघतो. फोडताना निघणारं पाणी फोडणाऱ्याने प्यावं. त्यात पोटभरीचं फारसं काही नसतं.

आता नारळाची एक वाटी, म्हणजे अर्धा नारळ, खवून माशाच्या आमटीला घ्या. भिजवलेल्या सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, हळद, लिंबाएवढी चिंच, आणि हे सगळं खोबऱ्याबरोबर गंधासारखं वाटायचं. मिक्सर असेल तर पाणी थोडं थोडं घालून तीनदा फिरवा. भरड राहिलं तर आमटी फुटल्यासारखी दिसते. बांगडा असेल तर तिरफळं ठेचून घाला. या आमटीला फोडणी नाही. तेलाचा थेंबही नाही. उकळी आल्यावर वर जो तवंग येतो तो नारळाचाच, आणि तो पाहिला की वरून तेल ओतायची इच्छा आपोआप जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा याच वाटपात फणसाच्या आठळ्या किंवा भिजवलेले काजूगर पडतात.

उरलेल्या अर्ध्या नारळाचा रस. इथे घाई नको. खवलेल्या खोबऱ्यावर वाटीभर कोमट पाणी घाला. गार पाण्यात स्निग्धपणा सुटत नाही. नारळाचं तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, डिसेंबरात आमच्याही बाटलीत ते पांढरं होतं. दहा मिनिटांनी वाटून फडक्यातून पिळा. हा पहिला, जाड रस. पुन्हा पाणी घालून दुसरा, पातळ रस काढा. सोलकढीला दोन्ही एकत्र, कोकमाचं आगळ, लसूण, मिरची, मीठ. चुलीवर ठेवायची नाही. मी एकदा पाहुण्यांसाठी ‘जरा कोमट करू’ म्हणून ठेवली आणि पातेल्यात गुलाबी दही झालं. शिजवायच्या पदार्थात पातळ रस आधी घालायचा, जाड रस गॅस बंद करताना.

चोथा टाकू नका. तंतू सगळे त्यात असतात, थोडा स्निग्धपणाही. घावनाच्या पिठात कालवा, नाहीतर लसूण-मिरची घालून तव्यावर कोरडा परता आणि पेजेबरोबर खा.

चार ताटांत हा नारळ वाटला तर माणशी अडीचशेच्या आत-बाहेर कॅलरी. सोबत भात आहेच, म्हणून तेवढं पुरे. पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ बेटांवर भातशेतीच नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथली माणसं ६३ टक्के ऊर्जा नारळातून मिळवत असल्याचं नोंदलं आहे. तसा नारळ आपण खाऊ लागलो आणि भातही सोडला नाही, तर काय होईल ते माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यांना विचारा.

सुक्या खोबऱ्याचा हिशेब वेगळा. पाणी उडून गेल्यामुळे त्यात शंभर ग्रॅमला साडेसहाशेच्या वर कॅलरी. ओल्याच्या जागी सुकं घालत असाल तर निम्मंच घ्या.

नारळ खूप साठले तर मुठेल, म्हणजे घरचं नारळाचं तेल, काढा. दहा नारळांचा फक्त जाड रस रात्रभर ठेवा. सकाळी वर आलेली साय जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवायची. आधी फेस, मग तडतड. तडतड थांबली म्हणजे पाणी संपलं. त्याआधी उतरवलं तर तेलाला आठवड्यात वास येतो. दहा नारळांचं लिटरभरही भरत नाही, तेव्हा डोक्याला लावायला मागणाऱ्यांना नाही म्हणायला शिका. तळाशी तुपाच्या बेरीसारखा तपकिरी गाळ राहतो. गरम असताना त्यात गूळ मिसळून खातात म्हणे. आमच्या घरात तो माझ्यापर्यंत अजून पोचलेला नाही.